गुडघ्याखालचा शरद

ऑक्टोबर उजाडला की घरोघरीच्या फोनवर लाल-पिवळे फोटो येऊन थडकतात. बॉस्टनमधला भाचा शनिवारी गाडी काढून व्हर्माँटच्या डोंगरात गेलेला असतो आणि पेटल्यासारख्या दिसणाऱ्या मॅपलखाली जाकीट घालून उभा असतो. शेजारच्या काकू श्रीनगरला पोचलेल्या असतात, त्यांच्या हातात पंजाएवढं तांबूस चिनारचं पान. काश्मिरी लोक या दिवसांना ‘हरुद’ म्हणतात, ही माहितीही काकूंनी फोटोखाली टाकलेली असते. फोटो पाहणारा माणूस ठाण्यात किंवा पुण्यात गॅलरीत उभा राहून मानेवरचा घाम पुसतो आणि समोरच्या झाडांकडे बघतो. आंबा हिरवा, वड हिरवा, रेनट्री हिरवा. ‘आपल्याकडे कुठला आलाय शरद! आपल्याकडे ऑक्टोबर हीट,’ असं पुटपुटत तो आत जाऊन पंखा वाढवतो.

त्याचं चुकतं ते इतकंच, की तो वर बघतो.

थंड प्रदेशातल्या झाडांना हिवाळ्याची भीती असते. दिवस लहान होऊ लागले, रात्री गारठल्या की पानांतलं हरितद्रव्य मोडीत निघतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. तो उघडा पडतो. लाल रंग मात्र काही झाडं शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार करतात, आणि दिवस उन्हाचे व रात्री गार असतील तर तो जास्त खुलतो. सह्याद्रीतल्या झाडाला असल्या थंडीची फिकीर नाही. त्याला भीती तहानेची. म्हणून आपल्याकडची पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास होते. पळस, पांगारा, सावर तेव्हा उघडेबोडके होतात आणि वर फुलं मिरवतात. शरद म्हणजे पंचांगातले आश्विन आणि कार्तिक. त्या वेळी झाडांच्या मुळांशी पावसाचं पाणी भरपूर असतं. पानं टाकायला त्यांना कारणच नसतं.

मग या ऋतूचा रंग जातो कुठे? तो असतो खाली. जांभ्याच्या कातळावर, शेताच्या बांधावर, अंगणातल्या मातीत, पायवाटेच्या कडेला. बराचसा गुडघ्याच्या खाली आणि पुष्कळदा घोट्याच्याही खाली. महाराष्ट्रातला शरद बघायचा तर मान वाकवावी लागते, आणि नीट बघायचा तर उकिडवंच बसावं लागतं.

*

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांतली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तेव्हापासून कासचं नाव इतकं झालं की ‘फुलं बघायला जातो’ म्हटलं की ‘कासला का?’ असा प्रश्न येतोच. खरं तर मे महिन्यात कोणी कासला गेला तर गाडी वळवून परत येईल. काळसर, ओबडधोबड, तापलेला दगड, त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या. या दगडावर भाद्रपदात गालिचे पसरतात ते कसे, हे समजून घेण्यासारखं आहे.

जांभा हा सच्छिद्र, तांबडा दगड. त्यावर माती असते ती जेमतेम काही बोटं, खळग्यांतून साठलेली. जून ते सप्टेंबर इतका धो-धो पाऊस पडतो की मातीतलं झाडांना लागणारं नत्र वगैरे धुऊन जातं. चार महिने दगड पाण्यात बुडालेला आणि पुढचे आठ महिने भाजलेला. अशा जागी झाड उभं राहू शकत नाही, कारण मूळ खोल न्यायला जागाच नाही. राहतात त्या चिमुकल्या वनस्पती. त्यांचं सगळं आयुष्य तीन-चार महिन्यांत आटपतं. जूनमध्ये रुजायचं, पुढे वाढायचं, फुलायचं, बी धरायचं आणि कातळ सुकायच्या आत निघून जायचं.

यात एक अडचण आहे. जुलैमध्ये फुलून उपयोग नाही. धुकं, वारा, आडवा पाऊस. परागकण वाहून जाणार आणि मधमाश्या-फुलपाखरं बाहेर पडणार नाहीत. ऑक्टोबर सरेपर्यंत थांबावं तर पायाखालचं पाणी संपलेलं. पावसाचा जोर उणावल्यापासून दगड कोरडा पडेपर्यंत जे काही आठवडे मिळतात, तेवढ्यातच शेकडो जातींना आपला कार्यभाग उरकायचा असतो. कासचे गालिचे म्हणजे ही घाई आहे. पंचांगातला शरद आश्विन लागायची वाट बघतो. जांभ्याला तेवढा धीर नाही, तो भाद्रपदातच सुरुवात करतो.

घाई असली तरी गोंधळ नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग पालटतो. आधी पांढरा. गेंद नावाच्या वनस्पतीची, शर्टाच्या बटणांसारखी गोल डोकी हजारोंनी उभी राहतात. एकेक बटण म्हणजे एक फूल नव्हे, कितीतरी बारीक फुलांचा तो गुच्छ असतो. मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळट निळा. शेवटाकडे पिवळा, सोनकीचा आणि कवळ्याचा. कवळ्याच्या पिवळ्या पाकळ्यांवर लालसर ठिपके असतात. अलीकडे पर्यटक या फुलाला ‘मिकी माऊस’ म्हणून ओळखतात आणि मुलं हेच फूल आधी शोधतात. त्याच्याच कुळातल्या एका कवळ्याची पावसाळ्यात कोकणात भाजी करतात. पाणी साठलेल्या डबक्यांत वायतुरा उगवतो. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दोन फाट्यांचा तुरा, म्हणून वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

सीतेची आसवं हे नाव ज्यानं कोणी ठेवलं, त्याला फुलाचा स्वभाव माहीत नसावा. वरून पाहिलं तर नखाएवढं निळं-जांभळं फूल, बारीक देठावर लवलवणारं. पण ओल्या मातीत त्याला बारीक पिशव्या असतात, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या. प्रत्येक पिशवीला आत उघडणारं दार आणि दारापाशी केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार मिटतं. हे सगळं सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात घडतं. दगडात नत्र मिळत नाही, म्हणून ते असं मिळवायचं. तिथेच शेजारी दवबिंदू ही दुसरी शिकारी वनस्पती. तिच्या तांबूस पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब लोंबत असतात. सकाळी गवतावरचं खरं दव नऊ-दहा वाजता उडून जातं. दुपारीही ज्या पानावर थेंब चमकताना दिसतील, ते पान दवबिंदूचं. त्यावर एखादं चिलट अडकलेलं असतंच.

म्हणून कासला जाताना कॅमेरा नेण्यापेक्षा दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात टाकलेलं बरं. फोटोत गालिचा येतो, आणि गालिचा सगळ्यांच्या फोटोत सारखाच येतो. भिंगाखाली प्रत्येक फूल वेगळी गोष्ट सांगतं. श्रीकांत इंगळहळीकर पेशानं इंजिनिअर. त्यांनी डोंगर फिरता फिरता सह्याद्रीतल्या फुलांची छायाचित्रं आणि नोंदी जमवल्या आणि २००१ च्या सुमारास ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक आलं. फुलाचं नाव कळलं की ते फूल ओळखीचं होतं, आणि ओळखीच्या माणसाच्या अंगावर कोणी पाय देत नाही. आज कित्येक ट्रेकरांच्या पाठपिशवीत अशी पुस्तकं असतात, त्याचा उपयोग हाच.

पाय देणारेही आहेत. रविवारी सकाळी पठारावर गेलं तर फुलांत बसून, कधी चक्क आडवं पडून फोटो काढणारे दिसतात. ते उठतात तेव्हा तिथे माणसाच्या आकाराचा चपटा डाग राहतो. त्या जागेतली फुलं बी धरायच्या आधीच मोडलेली असतात, आणि वर्षायू वनस्पतीचं पुढचं साल त्या बियांवरच अवलंबून असतं. गर्दी आवरायला प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, गावांच्या समित्या असे उपाय झाले. तारेचं कुंपणही घातलं गेलं आणि त्यावरून वाद झाला. गुरं चरायची थांबली तर उंच गवत माजतं आणि ठेंगण्या फुलांचं ऊन अडवतं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या इथे चरणारी म्हैस फुलांची वैरी की राखणदार, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण उतावळ्या, न टिकणाऱ्या उत्साहाला नावं ठेवायला वापरतो. कातळावर उभं राहून ती आठवली तर तेरड्याची बाजू घ्यावीशी वाटते. बिचाऱ्याला मिळतातच तेवढे दिवस. शिवाय रंग गेल्यावर त्याचं खरं काम सुरू होतं. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फटकन फुटते, साल आत गुंडाळली जाते आणि बिया हातभर लांब उडतात. लहानपणी ज्यानं हा उद्योग केला नाही त्यानं तेरडा पाहिला असं म्हणता येणार नाही.

कासला जायला जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. चाळकेवाडी, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, सगळीकडे हाच दगड आणि हीच घाई. कोकणात अशा कातळाला सडा म्हणतात. रत्नागिरी, लांजा, राजापूरच्या सड्यांवर भाद्रपदात सीतेची आसवं निळाई पसरतात, गोव्यातल्या पठारांवरही. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. ती कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पावसानंतर त्या कोरीव रेषांमध्ये पाणी आणि थोडी माती साठते आणि तिथे फुलं येतात. सरकारी कागदपत्रांत मात्र सड्यांची नोंद बहुधा ‘पडीक जमीन’ अशी असते.

*

गुडघ्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, कारवी. ही माणसाहून उंच वाढते. सह्याद्रीच्या उतारांवर तिची दाट रानं असतात. खरखरीत पानं, पेरापेरांच्या काठ्या. या काठ्या एकाशेजारी एक रोवून, वर माती-शेणाचा गिलावा देऊन कुडाच्या भिंती होतात. ठाणे-पालघर-रायगडच्या आदिवासी पाड्यांवर अजून अशी घरं दिसतात. वर्षामागून वर्षं कारवी नुसती हिरवी राहते. मग सात-आठ वर्षांनी, पावसाच्या अखेरीस, अख्खा डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा होतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. मधमाश्यांची तेव्हा दिवाळी असते. कारवीचा मध दाट, काळपट असतो आणि जाणकार तो राखून ठेवतात.

फुलून झालं की झाड मरतं. एवढी वर्षं थांबून सगळ्यांनी एकाच वेळी का फुलायचं, याचं एक पटणारं उत्तर असं की बिया खाणारे किडे आणि प्राणी दरवर्षी मेजवानी मिळत नाही म्हणून संख्येनं वाढत नाहीत. आणि जेव्हा मिळते तेव्हा इतकी मिळते की सगळी खाऊन संपत नाही. केरळात मुन्नारची नीलकुरिंजी हाच डाव बारा वर्षांनी खेळते. तिचे अलीकडचे बहर २००६ आणि २०१८ चे. कारवीच्या वाळलेल्या शेंगा उन्हाळाभर काठीवरच राहतात. पुढच्या पावसाचा ओलावा लागला की त्या तडकतात आणि रानात टक्-टक् आवाज उठतो. वळवात भिजत डोंगर चढणाऱ्यांना तो ऐकू येतो.

अंगणातला शरद याच्या उलट. नुसता जमिनीवरचा. पारिजातकाचं फूल संध्याकाळी उमलतं आणि उजाडायच्या आत गळतं. झाडावर ते पाहायचं तर रात्री बाहेर यावं लागतं. सकाळी दिसतो तो सडाच, पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ. इतर फुलं जमिनीवर पडली की देवाला चालत नाहीत. पारिजातकाला तेवढी सूट आहे. देठाचा रंग पूर्वी कापड रंगवायला वापरत. फुलं वेचायला बसलेली आजी आणि कासच्या कातळावर भिंग घेऊन बसलेला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, दोघांची बैठक सारखीच असते.

*

आता थोडं वर बघायला हरकत नाही.

मोसमी पाऊस परत फिरतो तो राजस्थानच्या पश्चिम टोकापासून. हवामान विभागानं २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार तिथे माघारीची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, तर मुंबईची ८ ऑक्टोबर. पाऊस गेला असं जाहीर करायला नुसता कोरडा दिवस पुरत नाही. सलग पाच दिवस पाऊस नसावा, हवेतली आर्द्रता उतरलेली असावी आणि खालच्या थरात वाऱ्यांचं चक्र उलटं फिरू लागलेलं असावं. ते एकदा झालं की आकाश धुतल्यासारखं दिसतं, आणि ते खरोखरच धुतलेलं असतं. चार महिन्यांच्या पावसानं धूळ खाली बसवलेली असते, ढग गेलेले असतात आणि हवा कोरडी होत असते. मेच्या आकाशाला जो पांढुरका मळ असतो तो ऑक्टोबरमध्ये नसतो.

त्याच निरभ्र आकाशातून ऊन थेट अंगावर येतं. जमीन अजून ओली आणि समुद्रावरून येणारा वारा पडलेला. मुंबईत पारा ३५ अंशांच्या आसपास जातो आणि माणूस उकडून निघतो. म्हणजे ज्या निळ्या आकाशाचं कौतुक, त्याचीच ही बिदागी. पण तेच उघडं आकाश रात्री जमिनीची ऊब वर सोडून देतं. आश्विन सरता सरता पहाटे गवताची पाती गार पडतात आणि हवेतली वाफ त्यांवर थेंब होऊन बसते. कोळ्यांची जाळी वर्षभर असतात. ती दिसतात या दिवसांत, पहाटेच्या दवात. पायवाटेवर आडवं विणलेलं कोळिणीचं हातभर रुंद जाळं चेहऱ्याला चिकटल्याशिवाय शरदातला ट्रेक पुरा होत नाही.

पाणीही निवळतं. ओढ्यांचा लोंढा ओसरला की गाळ तळाशी बसतो आणि तांबडी नदी हिरवट-निळी होते. जुन्या लोकांनी याचा संबंध अगस्ती ताऱ्याच्या उदयाशी जोडला होता. हा दक्षिणेकडचा ठळक तारा पावसाच्या अखेरीस पहाटे पुन्हा दिसू लागतो. चरकसंहितेत शरदातल्या अशा पाण्याला ‘हंसोदक’ म्हटलं आहे. दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निवलेलं आणि अगस्तीनं निर्विष केलेलं. कोजागरीचं आटीव दूध गच्चीवर चंद्राखाली ठेवणाऱ्यांना हे ठाऊक असतंच असं नाही. पण वर्षातली सगळ्यात स्वच्छ पौर्णिमा निवडण्यात पूर्वजांचं काही चुकलेलं नाही. आयुष्याचा आशीर्वाद देतानाही त्यांनी शंभर शरद म्हटलं.

कोकणात याच पौर्णिमेला नव्याची पुनव म्हणतात. भाताची लोंबी, नाचणी, वरी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं एकत्र बांधून ते दाराला लावतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांना शरदाचा रंग म्हणजे पिवळं पडत चाललेलं खाचर. हळवं भात आधी कापणीला येतं, मग निमगरवं, शेवटी गरवं. म्हणजे एकाच वाडीत एक खाचर कापून उघडं, शेजारचं सोनेरी आणि पलीकडचं अजून हिरवट, असा पट दिसतो. वाटेवरच्या गाड्या थांबतात त्या हे बघायला. ज्याचं भात आहे तो मात्र आकाशाकडे बघत असतो. हस्ताचा पाऊस हवा असतो, मुली हादग्याला पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. पण कापणीच्या तोंडावर आलेला पाऊस नको असतो. स्वातीच्या सरींनी मोती पिकतात अशी समजूत असली, तरी कापून पसरलेल्या भातावर त्या आल्या की दाण्यांना मोड येतात. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ घोंगावत होतं, तेव्हा कोकणात हेच झालं. दिवाळीच्या दिवसांत लोक आडव्या पडलेल्या, भिजलेल्या लोंब्या पाण्यातून उचलत होते. अशा वर्षी शरदाचं सौंदर्य हा विषय त्या माणसापुढे काढायची सोय नसते.

*

पावसाबरोबर काही जण जातात, तसे काही येतात. शाळेच्या मैदानावर किंवा गच्चीवर शेपटी वरखाली नाचवत तुरुतुरु धावणारा धोबी पक्षी दिसला की उत्तरेकडे थंडी सुरू झाली असं समजावं. भोरड्यांचे थवे तर त्याच्याही आधीपासून ज्वारीच्या पट्ट्यात उतरतात.

सगळ्यात अचाट प्रवासी मात्र बोटाएवढा आहे. ऑक्टोबरच्या दुपारी मोकळ्या मैदानावर पिवळसर चतुरांचे घोळके हवेत तरंगत असतात. एके काळी मुलं त्यांच्या शेपटीला दोरा बांधायची. चतुराला अंडी घालायला गोडं पाणी लागतं. मालदीवच्या बेटांवर ते उघड्यावर जवळजवळ नाही, तरीही दर ऑक्टोबरमध्ये तिथे लाखो चतुर अवतरतात. मालदीवमध्ये काम करणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना याचं कोडं पडलं. वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून त्यांनी २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, उंचावरच्या वाऱ्यांवर स्वार होऊन मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. तिथे पाऊस सुरू होत असतो. इथला पाऊस संपला की तिथला गाठायचा. परत येते ती त्यांची पुढची कुठली तरी पिढी.

त्यांच्या मागोमाग अमूर ससाणा येतो. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी सायबेरिया आणि उत्तर चीनकडून नागालँडला उतरतो, तिथे वाळवी खाऊन तयार होतो आणि मग भारत ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतो. २०१३ साली नागालँडमध्ये तीन ससाण्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली गेली. त्यांची नावं नागा, वोखा आणि पंगती. तेव्हापासून या जातीची वाट नकाशावर उमटू लागली आणि ती महाराष्ट्रावरून जाते. लोणावळ्याच्या आसपास पक्षीनिरीक्षकांना नोव्हेंबरात हे पाहुणे दिसले आहेत. समुद्रावर विसावा नाही, त्यामुळे वाटेत उडते चतुर हाच त्यांचा शिधा असावा, असा अँडरसन यांचा तर्क.

शहरात राहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नाही, तरी सातवीण त्याला सोडत नाही. हिचा शरद नाकानं कळतो. दिवाळीच्या आगेमागे रात्री रस्त्यावरून जाताना एकदम उग्र-गोड वास येतो, वर पाहिलं तर पानांच्या झुबक्यांत हिरवट पांढरे गेंद. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं उठतं. पूर्वी तिच्या लाकडाच्या शाळेच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आलं.

*

दिवाळी संपेपर्यंत डोंगर पिवळा पडलेला असतो. सोनकी सुकते, ओढ्यांचा आवाज बंद होतो आणि मग उरतं गवत. याच गवताला खरी पानगळीची कळा असते. शेडा, मारवेल, पवन्या, कुसळी, प्रत्येकाची छटा वेगळी. कुणाची केळीच्या सालीसारखी पिवळी, कुणाची तांबूस, कुणाची विटकरी. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, मागून प्रकाश घेऊन पाहिलं तर पुरंदरच्या उतारावरचं गवत व्हर्माँटच्या फोटोला हार जात नाही. पण ते बघायला कुणी तिकीट काढत नाही, आणि त्याला कुणी सहलीचा हंगामही म्हणत नाही.

कुसळी मात्र स्वतःची दखल घ्यायला लावते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला दिसतं असं म्हणतात ते हेच. तळहातावर घेऊन पाहावं. एका टोकाला सुईसारखा अणकुचीदार दाणा, त्यावर मागे वळलेले राठ केस. दुसऱ्या टोकाला लांब, काळपट, दोरीसारखी पिळलेली शेपटी. या शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडला की ती हळूहळू उलगडत गोल फिरू लागते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. जमिनीवर पडलेला दाणा असाच पहाटेच्या दवानं एका बाजूला आणि दुपारच्या उन्हानं दुसऱ्या बाजूला फिरतो. टोक मातीत शिरतं आणि मागे वळलेल्या केसांमुळे बाहेर येऊ शकत नाही. रोज थोडं थोडं करत बी स्वतःला पुरून घेतं. असल्या बियांच्या करामतीवर चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८७६ साली निबंध लिहिला होता. आपल्याकडे धनगराला हे निबंधाशिवाय माहीत असतं, कारण मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीपर्यंत पोचलेली कुसळं त्यालाच उपटावी लागतात.

माणसाचे मोजे कुसळीला मेंढीइतकेच सोयीचे पडतात. नोव्हेंबरातल्या रविवारी संध्याकाळी गडावरून उतरलेली पोरं एसटीत मागच्या बाकांवर बसलेली असतात. पाय वर घेतलेले, बूट खाली. एकेक जण मोज्यातली कुसळं ओढून काढत असतो. काही सरळ निघतात, काहींचं टोक आत मोडतं आणि घोट्याला टोचत राहतं. काढलेलं कुसळ कुणी खिडकीबाहेर टाकतं, कुणी बाकाखाली. घाटातल्या वळणांवर गाडी हलते तशी ती फळीच्या फटींत सरकतात. रात्री गाडी स्वारगेटला लागते, आणि सकाळी झाडणारा माणूस ती धुळीबरोबर लोटून आगाराच्या कडेला, भिंतीलगतच्या उघड्या मातीवर नेऊन टाकतो. तिथे पहाटे दव पडतं.